ताकदीचं दूध आणि ओट्यावरची खाट

माझ्या नवऱ्याला आमच्या गावाने एक आख्खा हिवाळा आणि निम्मा उन्हाळा ताकदीचं खाऊ घातलं. ताकदीचं म्हणजे कुस्तीसाठी नव्हे, तुम्ही समजून घ्या. आमच्याकडेही त्याचं नाव कोणी घेत नाही. "जरा गरम पडस, पन चांगलं ऱ्हास," एवढंच म्हणून पेला पुढे करायचा आणि लगेच छताकडे बघायला लागायचं.

आधी आमची परिस्थिती सांगते, नाहीतर तुम्ही त्या बिचाऱ्यालाच हसाल. मी साक्रीजवळच्या एका गावी शाळेत शिकवते आणि शेजारच्याच गावात माझं माहेर आहे, म्हणून तिथेच राहायचे. नवरा भुसावळला रेल्वेत. मूळचा रावेरकडचा, केळीवाल्या घरातला. लग्न ठरताना सगळे छातीठोकपणे म्हणाले की, वर्षभरात पोरीची तिकडे बदली होईल. बदली काही झाली नाही. तिकडे तो दोन सोबत्यांबरोबर एका खोलीत राहत होता, त्यामुळे मी जाण्याचा प्रश्नच नव्हता. मग दर शनिवारी ड्युटी संपली की तो जळगाव, धुळे, साक्री असा बसने हाडं खिळखिळी करून घेत यायचा आणि रविवारी दुपारी तोच रस्ता धरून परत जायचा. सुट्टीत मी सासरी जायचे, पण तिथे सासू, नणंदा, आत्या अशी फौज. म्हणजे आमचा संसार शनिवार संध्याकाळ ते रविवार दुपार एवढाच, आणि तोही माझ्या माहेरी.

आता माहेरी जावई म्हणजे काय असतो ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको. जावई यायचा आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, आणि दिवाळीला. त्या हिशेबाने सगळे नियम बसवलेले. भाऊबंदकीतल्या प्रत्येक घराने त्याला जेवायला बोलवायचं. त्याने नाही म्हणायचं नाही. ताटात काही टाकलं तर त्या घराचा अपमान. आणि सगळ्यात मोठा नियम असा की, माहेरी लेक-जावयाने एकमेकांच्या जवळपास दिसायचं नाही. लेक आत आईजवळ झोपणार, जावयाची खाट बाहेर ओट्यावर, पुरुष माणसांत. वर्षातून दोनदा हे चालून जातं, मजाही येते. पण आमचा जावई दर आठवड्याला यायचा आणि कोणाला एकही नियम सैल करायचं सुचलं नाही. नाना, म्हणजे माझे वडील, एका बाजूला, त्यांचे चुलतभाऊ आबा दुसऱ्या बाजूला, मध्ये माझा नवरा. आबा घोरतात. नाना झोपेत पाण्याच्या पाळीवरून भांडतात.

चारचौघांत मी त्याला 'तुम्ही' म्हणायचे आणि दोघंच असलो की 'तू'. पण दोघंच असण्याची वेळ इतकी कमी यायची की एकदा मळ्याकडे जाताना मागे-पुढे कोणी नव्हतं तरी मी त्याला "अहो, चप्पल सांभाळा" म्हणाले. तो थांबून माझ्याकडे बघतच राहिला.

वर्ष उलटलं आणि चौकशी सुरू झाली. नानांची थोरली बहीण, जिला सगळं गाव आक्का म्हणतं, ती शेजारच्याच घरात राहते. तिने मला दळण निवडताना गाठलं. "काय व, अजून काही नही का?" मी म्हटलं, नाही. तिने माझ्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. माझ्यात खोट काढावी असं काही तिला सापडलं नसावं, कारण मी चांगली दणकट आहे. मग तिची नजर अंगणात हात धूत असलेल्या नवऱ्याकडे गेली. तो काटकुळा. त्याच्या घरी सगळेच काटकुळे, पण शंभर केळीचे घड उचलतील. आक्काने सुस्कारा सोडला आणि निकाल लागला.

सुरुवात थोरल्या काकूने केली. तिच्या मोबाइलवर कोणीतरी एक व्हिडिओ पाठवला होता. भगवी शाल घेतलेला एक बाबा त्यात सांगत होता की उडीद हा पुरुषासाठी अमृतासमान. काकूने तो आवाज मोठा करून तिच्या स्वयंपाकघरात मला ऐकवला. मग पुढच्या शनिवारी ताटात कळण्याची भाकरी, उडदाची घोटलेली डाळ, वर लसणाची फोडणी, आणि पुन्हा उडदाचाच वडा. आता कळण्याची भाकरी म्हणजे ज्वारीत उडीद घालून दळलेल्या पिठाची. ती आमच्याकडे रोज होते. आख्खा खानदेश ती पिढ्यान्‌पिढ्या खातोय. त्यात एवढं काही असतं तर आमच्याकडे माणसांनी शेतात कामं कधी केली असती? मी काकूला असं म्हटलं. ती म्हणाली, "तू गप ऱ्हाय. तू मास्तरीन शे, हाई तुनी शाळामा नही शिकाडत."

त्याच सुमाराला आक्कानेही आपलं सुरू केलं, पण लपूनछपून. तिचा उपाय म्हणजे पांढऱ्या कांद्याचा रस, त्यात मध, वर गावरान तूप. नवरा तिच्या पाया पडायला गेला की ती दार लोटून घ्यायची आणि पेला हातात द्यायची. "जवाई, कोनले सांगू नका हं." तो तसा शब्दाचा पक्का माणूस. त्याने मलाही सांगितलं नाही. मला ते त्याच्या तोंडाच्या वासावरून कळलं, आणि तेही लांबून.

आबांचं तर विचारू नका. आबा साक्रीच्या बाजारात जाऊन डोंगरातून मुळ्या आणणाऱ्या बायांशी तासन्‌तास चर्चा करायचे. ते सफेद मुसळी घेऊन आले. ती घरीच खलबत्त्यात कुटायची, दुधात आटवायची आणि ओट्यावर सगळे निजायला लागले की उशाशी ठेवायची. "डोया मिटा, पी ल्या, अन झोपा." आईचं वेगळंच. ती सगळ्यांच्या आधी, म्हणजे नवरा बसमधून उतरून पाय धुवायच्या आत, खारीक-खसखशीचं दूध आणि डिंकाचा लाडू पुढे करायची. आणि हे सगळे, हा खरा विनोद आहे, प्रत्येक जण समजत होता की जावयाला ताकद देणारे आपण एकटेच.

अशी शनिवार-रविवारची त्याची खाद्ययात्रा चालायची. शिवाय त्याला प्रत्येक घरी केळी. केळी म्हणे पौष्टिक. रावेरच्या माणसाला साक्रीत आणून केळी खाऊ घालायची! तो मुकाट्याने सोलायचा आणि खायचा. लोक सासुरवाडीला येताना खिशात अत्तर घालतात, हा ओव्याची पुडी घालून यायला लागला.

आणि एवढं करून त्याला झोपवायचं कुठे? ओट्यावर. नाना आणि आबांच्या मध्ये. मुसळी, कांदा, उडीद, खसखस, डिंक असं सगळं पोटात घेऊन तो माणूस पाठीवर पडून चांदण्यांकडे बघायचा, आणि मी आत आईशेजारी पंख्याकडे बघायचे. सकाळी आक्का माझ्या चेहऱ्याकडे निरखून बघायची, काही फरक पडला का म्हणून. कशाने पडणार? मला कधीकधी इतका राग यायचा की पीठ मळताना परातच आदळायचे.

मला मूल नको होतं असं नाही. पण मला आधी नवरा हवा होता. लग्नाला दुसरं वर्ष सरत आलं होतं आणि तो चहात साखर किती घेतो हेही मला आईकडून कळायचं. त्याला काय आवडतं, कशाचा राग येतो, लहानपणी तो कोणाला घाबरायचा, मला काहीच माहीत नव्हतं. फोनवर म्हणाल, तर आमच्याकडे रेंज फक्त गच्चीवर येते आणि गच्चीला गच्ची लागून आहे. मी "हॅलो" म्हटलं की शेजारून काकू विचारायची, "जवाईन्ही जेवन करं का?" मला त्याच्याबरोबर एक दिवस हवा होता. नुसता एक दिवस, ज्यात तिसरं माणूस नाही. हे मागायचं कोणाकडे आणि कोणत्या तोंडाने, तेच मला कळत नव्हतं.

मध्येच आबांनी खाजकुहिलीचा प्रयोग केला. तिच्या बियांना म्हणे फार गुण असतो. बिया बाजारात सोललेल्या मिळतात, पण आबांचा बाजारावर विश्वास नाही. ते स्वतः कुठूनतरी शेंगाच तोडून घेऊन आले आणि उपरण्यात बांधून ओट्यावर सोडल्या. शेंगेवरची ती लव अंगाला लागली की काय होतं हे ज्याला माहीत आहे तोच जाणे. आधी आबा खाजवायला लागले, मग नाना, मग त्याच उपरण्याने तोंड पुसलेला माझा नवरा. तिघंही ओट्यावर नाचत होते. आईने शेण आणि ताक दोन्ही आणलं आणि कोणाला काय लावायचं यावर तिचा गोंधळ उडाला. आबा शेवटपर्यंत या घामोळ्याच आहेत म्हणत राहिले, "घामोया शेत, दुसरं काही नही."

आणि मग तो रविवार आला. आदल्या दिवशीच त्याने सगळीकडचं सगळं घेतलं होतं, शिवाय काकूने सकाळी गावरान कोंबडी केली होती. दुपारी निघायच्या वेळी त्याच्या पोटातून असे आवाज यायला लागले की गोठ्यातली म्हैस वळून बघायला लागली. मग घाम फुटला, मग तो वाकडा झाला. नानांनी जीप काढली. जावई आजारी म्हटल्यावर मागे कोण राहतं? आई, आक्का, काकू, आबा, सगळे जीपमध्ये चढले आणि आम्ही साक्रीच्या डॉक्टरांकडे निघालो.

डॉक्टरांनी पोट दाबलं. "काय खाल्लं होतं?"

"वरण-भात," नवरा म्हणाला.

"फक्त?"

"फक्त."

सगळ्यांना शब्द दिलेला ना त्याने! डॉक्टर म्हणाले, वरण-भाताने पोट असं वाजत नाही. तेवढ्यात काकूने पदर सावरला. "डॉक्टर, जरासा भाईर या." डॉक्टर बाहेर गेले, आत आले. मग आक्काने बोलावलं. बाहेर गेले, आत आले. मग आबा. मग माझी आई. शेवटी डॉक्टर खुर्चीत बसले आणि चष्मा काढून पुसायला लागले. "उडीद, कांद्याचा रस, मुसळी, खसखस, डिंक, कोंबडी," ते म्हणाले. "हे सगळं एकाच माणसाने खाल्लंय का? मी विचारतोय, कारण मला चार माणसं वाटली."

सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

"आक्का, तुम्हीन बी?" काकू म्हणाली.

"तुन्ही बी दिधं का व?" आक्का तिच्यावर उलटली.

आणि मग भांडण जुंपलं. आबा म्हणाले, मुसळीने आजवर कोणाला बाधलं नाही, कांदाच नडला. आक्का म्हणाली, कांद्याने तिच्या नवऱ्याला नऊ लेकरं झाली, उडदानेच घात केला. काकू मोबाइल काढून व्हिडिओ शोधायला लागली. नवरा टेबलावर पोट धरून पडलेला आणि त्याच्याकडे कोणी बघत नव्हतं. शेवटी आक्काने डॉक्टरांना सांगितलं, "पोट हलकं करा, पन एकदम नका करू. एवढी ताकद भरेल शे, वाया जावाले नको."

हे ऐकलं आणि माझं डोकं फिरलं. मला शाळेत पोरांवरसुद्धा इतका मोठा आवाज काढायची सवय नाही.

"वाया?" मी ओरडले. "आक्का, तुम्हीन त्यासले खावाडतस, पेवाडतस, अन झोपाडतस कोठे? वट्टावर, नाना अन आबाना मधमा! अन मी घरमा आईजवय! ती ताकद काय उठी, चप्पल घाली, घरमा चालत येई का? माले काही नको. तुमनं दूध नको, तुमना कांदा नको. आमले एक दिन द्या. बठ्ठा जन आमले एक दिन एकलं सोडा!"

बाहेरच्या बाकावर पेशंट बसलेले होते. एकाचा खोकला मध्येच थांबला. कंपाउंडर तोंडावर कागद धरून आत पळाला. नाना बाहेर गेले आणि जीपच्या आरशात बघत उभे राहिले. मला वाटलं, आता जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. आणि खरं सांगते, त्याच वेळी इतकं मोकळं वाटत होतं की मी आणखी एकदा ओरडले असते.

घरी आल्यावर नानांनी ओट्यावरची जावयाची खाट उचलली, एकट्याने, आणि आतल्या खोलीत नेऊन टाकली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, "मच्छर लागतस बाहेर." तो दोन दिवस आमच्याकडेच खिचडीवर होता, पण त्याची अवस्था अशी की खाट कुठे आहे याचा त्याला पत्ता नव्हता.

पुढच्या शनिवारी त्याला ड्युटी होती, म्हणून तो रविवारी सकाळी पहिल्या गाडीने आला. आई आणि नाना शिदोरी बांधून तयार होते. "कांदा काढाना शे," नाना म्हणाले. कांदा केव्हाच काढून चाळीत भरला होता. ते दोघं निघून गेले आणि त्या घरात आम्ही पहिल्यांदा दोघंच राहिलो. मी दार लावलं.

पण आमची भाऊबंदकी कोणतंही काम अर्धवट करत नाही. एकटं सोडायचं ठरलं म्हणजे पूर्ण बंदोबस्तात सोडायचं. काकू समोरच्या ओट्यावर गहू निवडायला बसली. आक्का निंबाखाली. आबांनी खुर्ची थेट गल्लीच्या तोंडाशी टाकली. भाजीवाली आली. "आज तठे जावानं नही," आबांचा आवाज. "तठे लेक-जवाई शेत. एकला शेत." गॅसवाला आला, त्याला परत पाठवला. कुल्फीवाल्याने घंटा वाजवली तर त्याला असं झापलं की तो घंटा मुठीत धरून गेला. थोड्या वेळाने सगळ्या गल्लीला, गल्लीबाहेरच्या वस्तीला आणि बहुधा रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रकवाल्यांनाही कळलं की आम्ही आत एकटे आहोत.

आम्ही खाटेच्या दोन टोकांना बसलो होतो. कोणी बोलायचं तरी काय? आधी त्याला हसू फुटलं, मग मला. तोंडावर उशी दाबली तरी आवरेना. तेवढ्यात बाहेरून काकूचा आवाज आला, "हासी राह्यनात. चांगलं शे." आमचं हसू तिथल्या तिथे विझलं.

"मागचं दार आहे का?" त्याने विचारलं.

गोठ्यातून, उकिरड्याच्या कडेने, नाल्यात उतरून आम्ही पळालो. माझ्याच माहेरातून, माझ्याच नवऱ्याबरोबर! रस्त्यावर काळीपिवळी मिळाली, साक्रीला धुळ्याची बस उभी होती. भर दुपारची गाडी, अर्धीअधिक रिकामी. आम्ही मागच्या सीटवर जाऊन बसलो आणि बराच वेळ नुसते धापा टाकत होतो.

गाडी गावाबाहेर पडल्यावर तो म्हणाला, "एक विचारू?"

"विचार."

"तू सांगितलं होतंस का त्यांना?"

"काय?"

"की मी कमी पडतो म्हणून."

मला आधी कळलंच नाही तो काय म्हणतोय. मग कळलं. इतके महिने दर शनिवारी त्याच्यासमोर जो पेला यायचा, तो माझी तक्रार म्हणून यायचा, असं त्याला वाटत होतं. बायको तोंडावर बोलत नाही, माहेरच्यांकडून दुधातून निरोप देते. म्हणून त्याने एकदाही नाही म्हटलं नव्हतं. मी समजत होते, जावयाचा मान राखतोय. पोट फुटेपर्यंत तो ते पीत होता, कारण त्याला वाटत होतं की ते मला हवंय.

"अरे, मग मला विचारलं का नाहीस?" मी जवळजवळ ओरडलेच.

"कधी विचारणार?" तो म्हणाला.

त्यात तक्रार नव्हती. त्याला खरंच माहीत नव्हतं. मी आठवून पाहिलं. ओटा, पंगत, गच्ची, आक्काचं अंगण, जीप. एक मिनिटाचा प्रश्न होता आणि ते एक मिनिट मला सापडेना. मला रडू आलं, आणि रडू आलं की मला राग येतो, म्हणून मी रागानेच बोलले. "मी कोणाला काही सांगितलं नाही. तू मला आवडतोस. काटकुळा आहेस तसा आवडतोस. कोणी काही न पाजता आवडतोस. कळलं?" खिडक्या इतक्या खडखडत होत्या की हे मला ओरडून सांगावं लागलं. पुढच्या सीटवरची म्हातारी मागे वळली आणि तिने समाधानाने मान हलवली. नवरा खिडकीकडे तोंड करून बसला. मी त्याचा हात धरला. त्याला कांद्याचा वास नव्हता.

धुळे यायच्या सुमाराला आईचा फोन आला. "कोठे शेत व तुम्ही? घर उघडं शे, अन आबा अजून गल्लीमा कोनले येऊ देत नही."

"धुळ्याला आहोत."

आईने विचारलं, "मंग त्यासले काय सांगू?"

"काही सांगू नको. बसू दे त्यासले."

स्टँडवर उतरलो तर भुसावळची गाडी लागलेलीच होती. कंडक्टर दारात उभा राहून जळगाव, भुसावळ म्हणून हाका मारत होता. धुळ्याहून तिकडे रात्रीपर्यंत सारख्या गाड्या असतात, ते आम्हाला दोघांनाही ठाऊक होतं. मी थांबले, कारण त्याची गाडी आली की मी मागे राहायचं, अशीच सवय होती.

"यानंतरची कधी आहे?" मी विचारलं.

"उद्या सकाळी," तो म्हणाला.